पाठीतलं पाणी फ्रिजमध्ये ठेवू नका: अधिष्ठाते आणि जिल्हा शल्य चिकित्सकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते आणि सर्व जिल्हा शल्य चिकित्सक यांस

विषय: तरुण रुग्णांच्या जिवाणूजन्य मेंदूज्वराचं कारण न शोधता होणारे डिस्चार्ज

सप्रेम नमस्कार.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी रुग्णालयांच्या प्रयोगशाळेत गेली. हे पत्र मंत्रालयात पाठवलं असतं तर त्याची फाईल झाली असती, तिला आवक क्रमांक पडला असता आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत ती या टेबलावरून त्या टेबलावर गेली असती. मला जे मागायचं आहे त्यातलं बहुतेक तुमच्या एका परिपत्रकानं आणि खरेदीच्या एका सहीनं होण्यासारखं आहे. म्हणून थेट तुम्हालाच लिहिते आहे.

प्रसंग तुमच्या ओळखीचा आहे. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. आदल्या रात्री डोकं ठणकत होतं, पहाटे फणफणून ताप, दुपारपर्यंत मान ताठ आणि बरळणं सुरू. हॉस्टेलचे मित्र रिक्षात घालून आणतात. कॅज्युअल्टीत सेफ्ट्रिअॅक्सोन हे अँटिबायोटिक चढतं, सीटी स्कॅनच्या रांगेत दोन तास जातात, संध्याकाळी कधीतरी पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव (सीएसएफ), निघतं. नशीब चांगलं असेल तर तिसऱ्या दिवशी रुग्ण आईला ओळखतो आणि दहा-बारा दिवसांनी चालत घरी जातो. डिस्चार्ज कार्डावर निदान: अॅक्यूट पायोजेनिक मेनिंजायटिस. त्याखाली: सीएसएफ कल्चर, नो ग्रोथ. म्हणजे त्या पाण्यातून प्रयोगशाळेत कोणताच जंतू वाढला नाही.

वॉर्ड खूश, घरचे खूश. मी खूश नसते, कारण कोणत्या जंतूनं त्याला आडवं केलं ते त्या कार्डावर कुठेच नसतं. एका ज्येष्ठ फिजिशियननी मला सरळ विचारलं होतं, "मॅडम, पोरगं बरं झालं ना? मग नाव कळून काय फरक पडतो?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा त्यांना जिन्यातच दोन वाक्यांत उत्तर दिलं होतं. ते इथं सविस्तर देते.

धडधाकट तरुणात समाजातून आलेला जिवाणूजन्य मेंदूज्वर म्हणजे मुख्यतः दोन नावं: न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस. लिस्टेरिया हा जंतू गर्भवती, स्टेरॉइडवर असलेले आणि वयस्कर यांच्यात जास्त, पण तो आठवणीत ठेवावाच लागतो, कारण सेफ्ट्रिअॅक्सोन त्याला शिवतही नाही, अॅम्पिसिलिनच लागतं. डोक्याचं ऑपरेशन झालेल्यांचे जंतू हा वेगळाच विषय, तो इथं काढत नाही. बंगळूरच्या निमहान्स या मेंदूविकारांच्या संस्थेपासून आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांपर्यंत, जिथं कारण खरोखर शोधलं गेलं तिथं प्रौढांत न्यूमोकॉकसच सगळ्यात वर दिसला आहे. साथ मात्र मेनिंगोकॉकसची येते. दिल्लीत ती १९६६ मध्ये आली, १९८५ मध्ये आली आणि २००५ मध्ये पुन्हा आली. २००८-०९ मध्ये मेघालय आणि त्रिपुरात आली. या साथींत सापडलेला मेनिंगोकॉकसचा गट, म्हणजे उपप्रकार, ए होता, आणि २००५ च्या दिल्लीत आजारी पडलेल्यांत तरुणांचा भरणा मोठा होता.

दोघांचा उपचार पहिल्या तासात सारखाच असतो, हे मान्य. फरक त्यानंतर पडतो. मेनिंगोकॉकसला पाच ते सात दिवसांचं औषध पुरतं, न्यूमोकॉकसला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या डोससोबत दिलेलं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रौढांत फायद्याचं ठरतं हे २००२ च्या युरोपातल्या चाचणीनं दाखवलं, आणि तो फायदा मुख्यतः न्यूमोकॉकसच्या रुग्णांत होता. चार दिवस स्टेरॉइड चालू ठेवायचं की थांबवायचं, याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर असतं. न्यूमोकॉकसमधून वाचलेल्यांचे कान तपासावे लागतात, कारण बहिरेपण हा त्याचा नेहमीचा मागे राहणारा त्रास आहे. नाव नसेल तर ऑडिओमेट्री कोणाच्या डोक्यातच येत नाही.

न्यूमोकॉकस सापडला की आणखी एक प्रश्न उभा राहतो: हा आत शिरला कुठून? एका तरुणाची गोष्ट सांगते, तपशील बदलून. दुसऱ्यांदा मेंदूज्वर घेऊन आला होता. पहिल्या वेळी कल्चर निगेटिव्ह, कार्डावर नाव नाही, विषय संपला. दुसऱ्या वेळी रक्तात आणि पाण्यात दोन्हीकडे न्यूमोकॉकस वाढला. मग वॉर्डातल्या रेसिडेंटला विचारायला सांगितलं, पूर्वी कधी अपघात झाला होता का. झाला होता. मोटारसायकलवरून पडला होता, हेल्मेट नव्हतं, चार दिवस अॅडमिट होता. "वाकल्यावर नाकातून पाणी येतं का?" येत होतं, एकाच नाकपुडीतून, चवीला खारट. सर्दी समजून तो गोळ्या खात होता. कवटीच्या तळाला चीर होती आणि नाकातले जंतू सरळ मेंदूच्या आवरणापर्यंत पोचत होते. कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बिणीतून ती बुजवली, न्यूमोकॉकसची लस दिली. पहिल्याच वेळी नाव कळलं असतं तर दुसरा मेंदूज्वर टळला असता. आपल्या रस्त्यांवर दुचाकीवरून किती पोरं पडतात हे तुम्हाला मी सांगायला नको. वर्षानुवर्षं वाहणारा कान हाही असाच दरवाजा. आपल्याकडे तो कापसाचा बोळा घालून सांभाळला जातो.

मेनिंगोकॉकस सापडला तर प्रश्न रुग्णाच्या खाटेपाशी थांबत नाही. हॉस्टेलच्या त्याच खोलीतल्या मुलांना, घरच्यांना, त्याच्या अगदी जवळ आलेल्यांना प्रतिबंधक औषध शक्यतो चोवीस तासांत मिळायला हवं. न्यूमोकॉकस असेल तर खोलीतल्या मुलांना काहीही द्यायचं नसतं. आता नाव माहीत नसेल तर काय होतं ते आठवा. वॉर्डन घाबरतो, पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "हॉस्टेलमध्ये मेंदूज्वराची साथ" असा मेसेज फिरतो, निम्मी मुलं त्याच रात्री एसटी पकडून गावी जातात आणि उरलेल्या सगळ्यांना मेसमध्ये रांगेत उभं करून सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एकेक गोळी वाटली जाते. जंतू खरोखर मेनिंगोकॉकस असेल तर तो आता गावोगाव गेलेला असतो. नसेल तर दोनशे मुलांनी उगाच अँटिबायोटिक खाल्लेलं असतं. त्यातही गोम अशी की दिल्लीच्या २००५ च्या साथीत मिळालेल्या मेनिंगोकॉकसमध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारे होते. म्हणजे नुसतं नाव पुरत नाही, कोणतं औषध लागू पडतं हेही पाहावं लागतं, आणि त्यासाठी जिवंत जंतू प्लेटवर वाढवावा लागतो. तोपर्यंत जवळच्यांना सेफ्ट्रिअॅक्सोनचं २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन किंवा दोन दिवस रिफाम्पिसिन देणं जास्त शहाणपणाचं.

आणि आपल्या देशातली तिसरी गोष्ट, टीबी. गावच्या डॉक्टरांनी दोन-तीन दिवस अँटिबायोटिक दिलेलं असतं, त्यानंतर पाणी निघतं. त्यात पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल कमी झालेले, लिम्फोसाइट वाढलेले, प्रथिनं जास्त, साखर कमी. कागदावर हे चित्र टीबीच्या मेंदूज्वरासारखं दिसतं. मग "कशाला रिस्क घ्यायची" म्हणून एकेटी (टीबीवरचा औषधोपचार) सुरू होते आणि बावीस वर्षांचा मुलगा वर्षभर चार-पाच गोळ्या खातो. मध्येच कावीळ झाली तर ती वेगळीच. उलटंही घडतं, खऱ्या टीबीला आठवडाभर साधा जिवाणू समजून वेळ घालवला जातो, आणि ते जास्त वाईट. सीबीनॅट ही टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी पॉझिटिव्ह आली तर प्रश्न मिटतो, पण निगेटिव्ह आल्यानं टीबी नाही असं ठरत नाही. अशा वेळी वैद्य लोक अंदाजावर चालतात, त्यांचा दोष नाही. त्यांच्या हातात न्यूमोकॉकसचा एक ठाम रिपोर्ट असता तर तो मुलगा एकेटीवर गेलाच नसता.

आता हे नाव हरवतं कुठे? माझा अनुभव असा की ते प्रयोगशाळेत फार कमी वेळा हरवतं. कॅज्युअल्टी आणि प्रयोगशाळेच्या मधल्या दोन-तीन तासांत हरवतं.

पहिला डोस लवकर द्या, याबद्दल माझं दुमत नाही. एक तासाच्या आत गेलाच पाहिजे, त्यासाठी माझ्या कल्चरची वाट पाहू नका. पण शिरेत सुई घातलेलीच असते. त्याच सुईतून ब्लड कल्चरच्या बाटल्यांत रक्त घ्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. जिवाणूजन्य मेंदूज्वराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत जंतू रक्तातच सापडतो, पाणी काढायला उशीर झाला तरी. मुलांवर झालेल्या एका अभ्यासात सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झाल्यावर दोन तासांत पाण्यातला मेनिंगोकॉकस मेलेला आढळला, न्यूमोकॉकस चार तासांनंतर मरायला लागला. सीटी स्कॅनच्या रांगेत आपण नेमके तेच दोन तास घालवतो. स्कॅन आधी लागतो तो झटके आलेल्यांना, शुद्ध फार हरपलेल्यांना, एका बाजूची ताकद गेलेल्यांना, डोळ्याच्या पडद्यावर सूज असलेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना. नुसती मान ताठ असलेल्या, बोलणाऱ्या मुलाला तो आधी लागत नाही.

ग्रामीण रुग्णालयातला मेडिकल ऑफिसर १०८ बोलावण्याआधी सेफ्ट्रिअॅक्सोन देतो, आणि योग्यच करतो. त्याला कोणी रागावू नये. त्याच्या कपाटात ब्लड कल्चरच्या दोन बाटल्या असाव्यात आणि रेफर चिठ्ठीवर डोस किती वाजता दिला ते लिहिलेलं असावं, एवढंच. ती वेळ मला रिपोर्ट वाचताना सोन्याच्या मोलाची वाटते.

नातेवाईकांची भीती ही दुसरी अडचण. "पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात" हे प्रत्येक गावात कोणीतरी सांगतंच. रेसिडेंटला वेळ नसतो, तो सही मागतो, सही मिळत नाही, विषय उद्यावर जातो. त्याला एवढं सांगायला शिकवा: पाठीचा कणा लांब असला तरी आतला मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यापाशीच संपतो, सुई त्याच्या दोन-तीन मणके खाली जाते. शरीरात हे पाणी साधारण दीडशे मिलीलीटर असतं आणि दिवसाला अर्धा लीटर नव्यानं तयार होतं, आपण घेतलेलं चार-पाच मिलीलीटर पाव तासात भरून निघतं. हे नीट मराठीत, खाली बसून सांगितलं की बहुतेक आया हो म्हणतात. वडील जास्त वेळ घेतात.

मग पाणी निघतं, आणि खरी गंमत इथून सुरू होते. बाटली मामाच्या, म्हणजे वॉर्डातल्या शिपायाच्या, हातात जाते. प्रयोगशाळा बंद असते किंवा बंद असेल असं समजलं जातं. मामा चांगल्या मनानं ती वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवतो, इन्शुलिन आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनांशेजारी. सकाळी दहाला ती माझ्याकडे येते, हाताला गार लागते. मेनिंगोकॉकस थंडीत मरतो. हिमोफिलस हा मेंदूज्वराचा आणखी एक जंतूही मरतो. आणि पेशींचं म्हणाल तर बाहेर ठेवलेल्या पाण्यात न्यूट्रोफिल तासाभरात सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात, दोन तासांत निम्म्यावर येतात. म्हणजे सकाळचा "सेल काउंट" हा रात्रीच्या पाण्याचा नसतोच. रक्तातली साखर त्याच वेळी घेतलेली नसते, त्यामुळे पाण्यातली साखर कमी की बरी हे ठरवायला आधार नाही. कधी पाणी इतकं थोडं असतं की बायोकेमिस्ट्रीनं आपला वाटा घेतल्यावर मला बाटलीच्या तळाला चिकटलेले दोन थेंब मिळतात. त्यावर "कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी" असं ठळक लिहिलेलं असतं.

ताजं पाणी मिळालं तर काय होतं तेही सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांनी एमबीबीएसनंतर ही स्लाइड पाहिली नसेल. गढूळ पाणी, भाताच्या पेजेवरच्या निवळीसारखं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचं वेगळं काढून ठेवायचं, तळाच्या गाळाचा एक थेंब काचेवर. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडिन, अॅसिटोन, सॅफ्रानिन. अॅसिटोनला दोन सेकंद जास्त लागले की सगळं बिघडतं. ऑइल इमर्शनखाली गुलाबी पेशींच्या गर्दीत जांभळे, टोकदार, जोडीजोडीनं असलेले दाणे दिसले, भोवती रंग न घेतलेलं वलय, तर न्यूमोकॉकस. गुलाबी, पोट एकमेकांकडे करून बसलेली जोडी आणि तीही न्यूट्रोफिलच्या पोटात, तर मेनिंगोकॉकस. अर्धा तास लागतो, सामानाचा खर्च चहाच्या बिलाएवढा. अँटिबायोटिक आधी न दिलेल्या रुग्णांत साठ ते नव्वद टक्के वेळा ही स्लाइड जंतू दाखवते, आणि दाखवला तर सहसा खोटं बोलत नाही. एक फसगत मात्र लक्षात ठेवावी लागते. औषध लागलेला न्यूमोकॉकस मरता मरता जांभळा रंग धरून ठेवत नाही, गुलाबी दिसतो, आणि नवख्या डोळ्याला मेनिंगोकॉकस वाटतो. म्हणून रात्री रेसिडेंटनं पाहिलेली स्लाइड सकाळी वरिष्ठानं पुन्हा पाहायची, फेकून द्यायची नाही.

ग्रॅम या डॅनिश डॉक्टरनं ही रंगण्याची रीत १८८४ मध्ये बर्लिनमध्ये लिहिली. वाइक्सेलबाउमनं १८८७ मध्ये व्हिएन्नात मेनिंगोकॉकस दाखवला. क्विंकेनं १८९१ मध्ये कमरेतून सुई घालून पाणी काढायची पद्धत सांगितली. म्हणजे मी तुमच्याकडे कुठलं नवं यंत्र मागत नाही, सव्वाशे वर्षं जुनं काम रात्री आठनंतरही व्हावं एवढंच मागते.

कल्चरचं रडगाणं थोडक्यात. मेनिंगोकॉकसला चॉकलेट अगार, म्हणजे तापवलेलं रक्त घातलेलं जंतू वाढवायचं माध्यम (मीडिया), हवा, थोडा कार्बन डायऑक्साइड हवा. त्यासाठी महागडं इन्क्युबेटर नसेल तर काचेची बरणी आणि साधी पांढरी मेणबत्ती पुरते. झाकण लावल्यावर ती विझते आणि आत पुरेसा कार्बन डायऑक्साइड साठतो. अडतं ते रक्तापाशी. मेंढीचं रक्त खरेदीच्या यादीत नसतं, कारण ते कोणत्या हेडखाली घ्यायचं हे स्टोअरला कळत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी रक्तपेढीतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त वापरतात. त्यात प्रतिपिंडं असतात, कधी दात्यानं खाल्लेलं अँटिबायोटिक असतं, रक्तविघटन नीट दिसत नाही. अशा प्लेटवर न्यूमोकॉकस वाढला नाही तर दोष कोणाला देणार? मीडिया बनवणारा मामा? स्टोअरकीपर? तुमच्या सहीची गरज नेमकी इथं आहे.

कल्चर फसलं तरी सगळं संपत नाही. वरचं वेगळं काढून ठेवलेलं पाणी गोठवून ठेवलं तर मेलेल्या जंतूचा डीएनए पीसीआरनं सापडतो. न्यूमोकॉकससाठी एलवायटीए, मेनिंगोकॉकससाठी सीटीआरए हे जीन शोधतात. फ्रिज चालतो तो याच हिश्शाला, कल्चरच्या हिश्शाला नाही. करोनाच्या काळात तुमच्या बहुतेकांकडे आरटीपीसीआरची यंत्रं आली. त्यातली किती आज धूळ खात आहेत हे तुम्हालाच ठाऊक. खासगीत तासाभरात चौदा जंतू-विषाणू-बुरशी तपासणारं पॅनल मिळतं. चांगलं आहे, पण गरिबाच्या आवाक्यात नाही आणि कोणतं औषध लागू पडेल किंवा मेनिंगोकॉकस कोणत्या गटाचा हे ते सांगत नाही. पाण्यातला न्यूमोकॉकस ओळखणारी कार्ड टेस्टही असते, पंधरा मिनिटांची, अँटिबायोटिकनंतरही बऱ्यापैकी भरवशाची. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचा एक डबा ठेवायला हरकत नसावी.

गट कशाला हवा, असं कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात २०१३ च्या मार्चपासून एकेक विद्यार्थी मेनिंगोकॉकसनं आजारी पडत गेला. तिथल्या बहुतेकांनी चार गटांची लस आधीच घेतलेली होती. प्रयोगशाळेनं गट बी ओळखला, तो त्या लशीत नव्हता. बीची लस युरोपात होती, अमेरिकेत तेव्हा परवाना नव्हता. खास परवानगी काढून ती आणली आणि डिसेंबरमध्ये विद्यार्थ्यांना टोचली. गट कळला नसता तर तीच जुनी लस पुन्हा देत बसले असते. आपल्याकडून दरवर्षी शिकायला परदेशी जाणारी मुलं चार गटांची लस घेऊन निघतात, कारण विद्यापीठ मागतं. हज यात्रेकरूंनाही ती सक्तीची आहे. इथंच राहणाऱ्या, वसतिगृहात चौघे एका खोलीत झोपणाऱ्या मुलांना मेनिंगोकॉकसची लस द्यावी की नाही, हे ठरवायला आपल्या हातात गटांची नोंदच नाही.

आणि आता पुण्याबद्दल. आफ्रिकेच्या सहारालगतच्या पट्ट्यात शंभर वर्षं मेनिंगोकॉकस एच्या साथी येत होत्या. त्यावरची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली, आणि ती दिली एक ते एकोणतीस वर्षांच्या सगळ्यांना, म्हणजे तरुणांनाही. २०१७ नंतर त्या पट्ट्यात गट एचा एकही खात्रीशीर रुग्ण नोंदला गेलेला नाही. मग सी, डब्ल्यू, एक्स हे गट डोकं वर काढू लागले. हे कळलं कसं? खेड्यातल्या दवाखान्यात पाठीतलं पाणी काढून ते खास मीडियाच्या बाटलीत घालून कच्च्या रस्त्यांवरून राजधानीच्या प्रयोगशाळेत पाठवायची पद्धत त्यांनी बसवली होती, म्हणून. त्या नोंदींच्या जोरावर ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशी पाच गटांची पुढची लसही पुण्यातच तयार झाली. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिला मान्यता दिली आणि २०२४ मध्ये नायजेरियानं ती सर्वांत आधी वापरली. नायजरमधली नर्स पाण्याची बाटली उन्हातून जिवंत पोचवते, आणि लस जिथं बनते त्याच राज्यात आपण ती फ्रिजमध्ये मारतो. मला याची लाज वाटते, स्पष्टच लिहिते.

आपल्याकडे जिवाणूजन्य मेंदूज्वराची नीट पाहणी झाली ती मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं २०१२ पासून काही वर्षं रुग्णालयांचं एक जाळं चाललं. ते योग्यच होतं, कारण हिबची, म्हणजे हिमोफिलस बीवरची, लस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लशीतून २०११ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि न्यूमोकॉकसची २०१७ पासून. पण आज जो मुलगा वीस वर्षांचा आहे तो जन्मला तेव्हा या दोन्ही सरकारी कार्यक्रमात नव्हत्या. लशीही चुकल्या आणि पाहणीही चुकली, अशी ही पिढी आहे. मेंदूच्या तापाचं म्हटलं की आपल्याकडे विषाणूकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. चंडीपुरा विषाणू नागपूरजवळच्या गावाच्या नावाचा, तपासायला पुण्यात एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था. त्याचं दुःख नाही, पण जिवाणूला तेवढा मान कधी मिळाला नाही.

तर मागणं असं. कॅज्युअल्टीत एक तयार ट्रे ठेवा: ब्लड कल्चरच्या बाटल्या, पाठीतलं पाणी काढायच्या (एलपी) सुया, तीन निर्जंतुक बाटल्या, रक्तशर्करेसाठी फ्लोराइड बल्ब. ट्रेवर मराठीत ठसठशीत चिकटवा: "पाणी फ्रिजमध्ये ठेवू नये, लगेच प्रयोगशाळेत द्यावे." हे मामांसाठी आहेच, त्याहून जास्त इंटर्नसाठी आहे. प्रयोगशाळेत रात्री एक माणूस हवा, आणि तो नसेल तिथं मेडिसिनच्या रेसिडेंटांना ग्रॅम स्टेन करायला आणि वाचायला शिकवू द्या. मी स्वतः शिकवायला तयार आहे, माझ्यासारखे आणखी मिळतील. मेंढीच्या रक्तासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी किंवा पशुसंवर्धन विभागाच्या केंद्राशी लेखी व्यवस्था करा, स्टोअरच्या यादीत त्याला हेड द्या. आणि अधिष्ठाते महोदय, शेजारच्या जिल्हा रुग्णालयाचं गोठवलेलं पाणी तुमच्या पीसीआरवर तपासून द्यायची जबाबदारी तुमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला लेखी द्या. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या महिन्यात विसरलं जातं. मेनिंगोकॉकस दिसला की त्याच दिवशी जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याला फोन जावा, पोर्टलवरची नोंद संध्याकाळी झाली तरी चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०३० पर्यंत मेंदूज्वर नमवायचा आराखडा आहे, २०२५ च्या एप्रिलमध्ये तिनं निदान-उपचारांच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. त्या छापून फलकावर लावाल याची मला खात्री आहे. त्याआधी एक करून पाहा. गेल्या वर्षीची पंधरा ते तीस वयाची मेंदूज्वराची सगळी डिस्चार्ज कार्डं रेकॉर्ड रूममधून काढायला सांगा आणि किती कार्डांवर जंतूचं नाव आहे ते मोजा. आकडा मला कळवला नाहीत तरी चालेल, पण मार्चअखेरची खरेदी करताना तो समोर ठेवा.

आपली,
एका शासकीय प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ